शोकेसमधल्या डब्याबद्दल दोन शब्द

आजच्या सेवापूर्ती सोहळ्याचे अध्यक्ष आणि आपल्या शिक्षण संस्थेचेही अध्यक्ष, आदरणीय मारोतरावजी साहेब, ज्यांच्यासाठी आपण सगळे कामधंदा सोडून इथं आलो ते सत्कारमूर्ती, माझे गुरू भाऊसिंग राठोड सर, स्टेजवर बसलेले मुख्याध्यापक, सरपंच आणि खास वाशीमहून आलेले साहेबांचे पुतणे गोलूभाऊ, कार्यालयातले धम्मरत्न बाबू, सगळा शिक्षकवर्ग, पहिल्या रांगेतल्या, साहेबांच्या सौभाग्यवती वर्षाराणी काकू आणि इतर माता-भगिनी, शाळेतली मुलंमुली, आणि पार मागं दाराला टेकून उभी असलेली, जिला कोणी खुर्ची दिली नाही आणि पत्रिकेत जिचं नाव नाही, ती या रिठद गावची व्यावसायिक बॉक्सर नीलिमा. सर्वांना जय भीम, सर्वांना नमस्कार.

मी संघदीप. याच शाळेतून दहावी झालो. वाशीमच्या कॉलेजात बी.एस्सी.चं दुसरं वर्ष अर्ध्यावर सोडलं आणि तेव्हापासून सरांच्या बॉक्सिंगच्या शेडमध्ये पॅड धरतो. पॅड धरणं म्हणजे बॉक्सर ठोसे मारतो आणि आपण हातातल्या गाद्यांवर ते झेलायचे. सूत्रसंचालक मॅडमनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, ‘सरांच्या आठवणी’. मी आठवणीच सांगणार आहे. फक्त पाच मिनिटांत बसतील असं वाटत नाही.

सरांनी या गावात बॉक्सिंग सुरू केलं तेव्हा ठोसे मारायची बॅगसुद्धा नव्हती. पहिली बॅग त्यांनी एसटीच्या जुन्या सीटच्या रेक्झिनची शिवून घेतली, आत लुगड्यांच्या चिंध्या आणि बुडाशी वाळू. वजन करायला काटा नव्हता, म्हणून सर आम्हाला धान्याच्या काट्यावर नेऊन उभं करायचे. अडते काका सोयाबीनचं पोतं खाली उतरवत म्हणायचे, “चढ बे, तुही आवक किती हाय पाहू.” नीलिमा सातवीत पहिल्यांदा त्या काट्यावर चढली ती चौतीस किलो भरली. काका म्हणाले, “सर, हे पोट्टी काय लढते? इले वारा लागला तं उडून जाईन.” पोरगी खाली न उतरता म्हणाली, “काका, तुमी किती भरता?” काका शंभराच्या वर होते. ती म्हणाली, “मंग थांबा जरा. तुमच्या गटात यायले मले टाइम लागन.” सर तेव्हा हसले होते. सर हसलेले मी फार वेळा पाहिलेले नाहीत, आणि गेल्या तीन महिन्यांत तर एकदाही नाही.

माझ्याआधी इथं पाच भाषणं झाली. शिस्त, सचोटी, खिलाडूवृत्ती हे शब्द किती वेळा आले ते मी मोजले नाहीत. नीलिमा हा शब्द मात्र मोजला. एकदाही आला नाही. ज्या माणसानं या गावात चोवीस वर्षं घाम गाळला आणि एक व्यावसायिक बॉक्सर घडवली, त्याच्या निरोपाला त्या बॉक्सरचं नावच घ्यायचं नाही, हे कोणी ठरवलं? पत्रिका छापायच्या वेळी साहेब म्हणाले होते, “तिच्यावर बंदी हाय. नियमात बसत नाई.” साहेब, तो नियम मी इंग्रजीतून वाचला आहे, दोनदा. बंदी असलेल्या खेळाडूनं लढायचं नाही, क्लबात सराव करायचा नाही. आपल्या सरांच्या निरोपाचा पेढा खायचा नाही असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही.

ज्यांना अर्धंच माहीत आहे त्यांच्यासाठी सगळं सांगतो. अर्धं माहीत असलेलेच जास्त बोलून राह्यले आहेत.

डिसेंबरमध्ये नीलिमानं नागपूरला लढत जिंकली. त्या विजयामुळं तिला विजेतेपदाच्या पट्ट्यासाठी लढायचा हक्क मिळाला. मग याच हॉलमध्ये, याच सतरंजीवर तिचा सत्कार झाला. उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली, चौकात बॅनर लागलं, त्यावर नीलिमापेक्षा मोठे फोटो इतरांचे होते, ते असू दे. गोलूभाऊंचं वाशीमला ताकदीच्या पावडरींचं दुकान आहे. त्यांनी स्टेजवरच एक खोकं फोडलं, त्यातून प्रोटीनचे पाच डबे काढले आणि माईकवर म्हणाले, “आमच्या दुकानाकडून गावाले ताकद भेट.” एक डबा नीलिमाला, एक सरांना, एक मुख्याध्यापकांना, एक सरपंचांना आणि एक मारोतरावजी साहेबांना. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. सगळ्यांत जोरात मीच वाजवल्या असतील.

आता मला सांगा, सत्कारात दिलेली वस्तू आपल्याकडं कोणी तपासून घेतं का? नारळ कानाशी हलवून कोणी पाहतं का? दोन्ही हातांनी घ्यायची, कपाळाला लावायची, फोटो निघेपर्यंत छातीशी धरायची. नीलिमानं तेच केलं. घरी नेऊन तो डबा पाच दिवस देवाजवळ ठेवला. मग पट्ट्याच्या लढतीची तयारी सुरू झाली, आणि रोज सकाळी पेलाभर दुधात दोन चमचे. डबा संपला तेव्हा सरांनी त्यांचाही तिला दिला. “मले या वयात कोनाले बुक्की मारायची हाय?” असं म्हणाले. त्या एका वाक्यानं सरांना तीन महिने झोप लागलेली नाही, हे त्यांच्या घरच्यांना विचारा.

मुख्याध्यापकांचा डबा त्यांच्या जावयांनी संपवला. सरपंचांनी त्यांचा म्हशीला ढेपेत कालवून घातला. सरपंच साहेब, हसू नका, तुम्हीच मला सांगितलं. म्हैस बरी आहे म्हणे. तिची चाचणी कोणी घेतली नाही म्हणून बरी आहे.

लढतीच्या वेळी मी रिंगणाबाहेर नीलिमाच्या कोपऱ्यात उभा राहतो, म्हणून मला या धंद्याची मागची बाजू पाहायला मिळाली. पुढं दिवे, धूर, गाणी. मागं पडदे टांगून केलेल्या खोल्या. नागपूरला शेजारच्या पडद्याआड एक गडी तयार होत होता. तीन महिन्यांपूर्वी मी त्याला पाहिला होता तेव्हा त्याची मान माझ्याएवढी होती. आता मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं, आणि पाठभर फोड उठले होते. त्याचा मॅनेजर फोनवर कोणाला तरी विचारत होता, “आज शिशीवाले येऊन राह्यले का?” शिशीवाले म्हणजे लघवीचे नमुने घेणारे. पलीकडून काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. मॅनेजर हसला, मग गडी हसला. तासाभरानं त्यानं समोरच्याचा जबडा मोडला. त्या पोराला स्ट्रेचरवरून बाहेर नेताना मी दार धरून उभा होतो. तो काहीतरी बोलायला बघत होता आणि त्याचं तोंड मिटत नव्हतं.

धावण्याच्या शर्यतीत एकानं औषध घेतलं तर दुसरा मागं राहतो. बॉक्सिंगमध्ये एकानं औषध घेतलं तर दुसऱ्याच्या डोक्यात रक्त साकळतं. म्हणून सांगतो, मी चाचणीच्या विरोधात नाही. चाचणी व्हावी, प्रत्येकाची व्हावी, न सांगता व्हावी. माझं डोकं फिरतं ते याच्यावर, की ज्याला सगळं कळतं त्याला शिशीवाले कधी येणार तेसुद्धा कळतं. आणि जिला काहीच कळत नाही ती आमच्या गावातून सत्काराचा डबा घेऊन निघते.

मार्चमध्ये हैदराबादला पट्ट्याची लढत झाली. सातव्या फेरीत नीलिमा जिंकली. हातावरची पट्टी सुटायच्या आत एक शिशीवाली बाई ओळखपत्र दाखवून शेजारी येऊन उभी राहिली. आदल्या दिवशी वजन गटात बसावं म्हणून पाणी तोडलेलं, वरून सात फेऱ्यांचा घाम. लघवी येणार कुठून? दोन तास बसली. बंद बाटल्यांचं पाणी पिऊन पिऊन पोट टम्म. मला म्हणते, “संघदीप, तूच माह्यासाठी जाऊन ये न बाप्पा.” त्या बाईला मराठी येत नव्हतं म्हणून निभावलं.

मग फॉर्म आला. फॉर्म इंग्रजीत. आमच्या शेडमध्ये इंग्रजी वाचणारा मीच, अर्धं का होईना कॉलेज केलेला. त्यात एक ओळ होती, मागच्या सात दिवसांत घेतलेली औषधं आणि पूरक आहार लिहा. तिनं पेन हातात धरून मला विचारलं, “काय लिवू?”

मी म्हणालो, “काय घेतलं त्वा?”

“डोकं दुखाची गोळी. एकच.”

“मंग तेवढीच लिव.”

“आन डबा?”

मी काय म्हणालो ते ऐका. मी म्हणालो, “डबा काय औषध हाय का? दूध-अंडे लिवते का तू?” ती हसली आणि सही केली.

सगळ्या सभागृहासमोर मी हे पहिल्यांदा बोलतो आहे. तिनं विचारलं होतं. तिला शंका आली होती. सहावी-सातवीपासून इंग्रजीला घाबरणाऱ्या पोरीला बरोबर प्रश्न पडला आणि कॉलेजात गेलेल्यानं तो हसण्यावारी नेला.

एप्रिलमध्ये मेल आला. तो माझ्या फोनवर आला, कारण तिचं खातं मीच उघडून दिलं होतं. एका स्टेरॉइडचं नाव होतं, तीन वेळा वाचलं तेव्हा उच्चारता आलं, आणि चौकशी होईपर्यंत तात्पुरती बंदी. मी सायकल टाकून तिच्या घरी गेलो. ती अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, “म्हंजे म्या सुई घेतली असं म्हनते का ते?”

“तसं नाई लिवलं. अंगात सापडलं असं लिवलं.”

“सापडलं तं गेलं कुठून?”

मला उत्तर सुचलं, कारण माझी नजर घरातल्या फळीवर गेली होती. फळीवर दोन डबे चकाकत होते. नीलिमाच्या आई सोजरबाई मावशी यांनी ते राखेनं घासले होते आणि एकात तिखट, एकात जवस भरलं होतं. मी विचारलं, “मावशी, डब्यावरचा कागद?” मावशी खुशीत म्हणाल्या, “दोन दिस भिजू घातला तवा निंगाला मेला. कसा डबा निंगाला पाय आता. झाकन लय घट्ट हाय, मुंगी जात नाई.” मावशींना मी काय बोलणार? तुमच्यापैकी कोणाच्या घरात चांगला जाड डबा कोणी फेकतं? पुरावा होता तो. मावशींनी तो स्वच्छ धुऊन त्यात जवस भरलं.

त्यानंतर गावानं काय केलं ते गावाला माहीत आहे. आठ दिवसांत चौकातलं बॅनर उतरलं. मी ते पुढं एका वाड्यात गुरांच्या कुटाराच्या ढिगावर उलटं झाकलेलं पाहिलं, नीलिमाचं तोंड खाली. एसटी स्टँडवर पोरं तिला पाहून नाकाला बोट लावून पावडर ओढल्यासारखं करतात. नाकानं ओढायची ती ही पावडर नव्हे, एवढीसुद्धा अक्कल नाही त्यांना. आणि गोलूभाऊ, तुम्ही स्टेजवर आहात म्हणून तोंडावर सांगतो, तुम्ही वाशीमच्या चहाच्या टपरीवर म्हणालात, “पोट्टीनं दुसरीकडून सुई टोचली असन, आन आता माह्या दुकानाच्या नावानं बोंब मारते.” तिथं ऐकणारा माझा मित्र होता.

गोलूभाऊ, मी असं म्हणत नाही की तुम्ही जाणूनबुजून दिलं. तुम्हाला तुमच्या दुकानात काय भरलं आहे ते माहीत नसेल, हे मी मान्य करायला तयार आहे. ते डबे कोण कुठल्या शेडमध्ये भरतं, त्यात काय मिसळलं की चार आठवड्यांत दंड फुगतात आणि गिऱ्हाईक परत येतं, हे तुम्ही विचारलं नसेल. पण न विचारता विकायचं आणि नंतर पोरीच्या नावावर ढकलायचं, याला काय म्हणायचं? या मुलांसमोर मी तो शब्द वापरत नाही.

आता मुद्दा. मॅडम, तुमची चिठ्ठी मिळाली. ‘आवरते घ्या’ असं लिहिलं आहे. आवरतोच.

चौकशी समितीनं नीलिमाला सरळ सांगितलं आहे. डब्यात भेसळ होती असं तुमचं म्हणणं असेल तर त्याच खेपेचा, सील न तुटलेला डबा बुधवारपर्यंत दिल्लीच्या प्रयोगशाळेत पाठवा. नाहीतर चार वर्षांची बंदी. ती आज तेवीस वर्षांची आहे. नोकरीत चार वर्षं म्हणजे एक बढती उशिरा. बॉक्सरची चार वर्षं गेली म्हणजे ती संपली, आणि मेल्यावरही गावात तिचं नाव ‘ते पावडरवाली’ एवढंच राहील.

खेप तीच आहे हे कसं कळणार? सत्काराचा फोटो काढणाऱ्या रिसोडच्या फोटोग्राफरकडून मी मोठी प्रत आणली. नीलिमानं डबा छातीशी धरला आहे. झाकणाखाली काळ्या शाईनं छापलेला खेपेचा नंबर त्यात वाचता येतो. आणि त्या खोक्यातला, प्लास्टिकही न काढलेला एकच डबा आज या जगात शिल्लक आहे. तो मारोतरावजी साहेबांच्या बैठकीतल्या शोकेसमध्ये, तिसऱ्या फळीवर, कृषी प्रदर्शनाच्या ढालीशेजारी ठेवलेला आहे. साहेबांना शुगर आहे, म्हणून त्यांनी तो उघडला नाही. आमचं नशीब.

मी साहेबांकडं तीनदा गेलो. पहिल्यांदा साहेब म्हणाले, “अरे, ते भेटवस्तू हाय. भेटवस्तू कोनी वापस मागते का?” मी म्हणालो, साहेब, वापस नाही, तपासायला पाहिजे. दुसऱ्यांदा म्हणाले, “शोकेसची चाबी तुह्या काकूजवळ हाय, आन ते माहेरी गेली.” त्या वेळी काकूच मला चहा घेऊन आल्या होत्या. तिसऱ्यांदा साहेबांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाले, “संघदीप, डब्यात काई निंगालं तं माह्या पुतण्याचं दुकान जाईन. नाई निंगालं तं त्या पोट्टीचं असंतसंही जाऊनच राह्यलं. मंग म्या कायले हात घालू? भाऊसिंगचा कार्यक्रम होऊ दे, मंग पाहू.”

साहेब, कार्यक्रम होऊन राह्यला आहे. पाहा आता.

काय म्हणालात? ‘खाली ये, बसून बोलू.’ बसून तीन वेळा बोललो, साहेब. आज उभा राहून बोलतो. मला तुमच्या पुतण्याचं दुकान बंद पाडायचं नाही. मला तुमची मान खाली घालायला लावायची नाही. तुम्ही या शाळेला जमीन दिली, माझ्या बापानं त्या जमिनीवरच्या भिंती बांधल्या, मी त्या भिंतींत शिकलो. पण तुम्ही ज्या पोरीला जीपमध्ये उभं करून तिच्या शेजारी हात हलवत फिरलात, तिच्या पडत्या काळात तुमच्या शोकेसची काच तुम्हाला सरकवता येत नाही?

आणि सर, तुम्हालाही विचारतो. माझा राग तुमच्यावरही आहे, आज निरोपाच्या दिवशी ते बोलू नये हे कळतं. तुम्ही आम्हाला शिकवलं की घंटा वाजेपर्यंत हात खाली करायचे नाहीत. मग तीन महिने तुम्ही गप्प का? निवृत्तीचे कागद संस्थेकडं अडकतील म्हणून? मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं मला माहीत नाही. पण तुम्ही तुमचे हात खाली केले, सर.

वर्षाराणी काकू, तुम्ही कुठं निघालात? माझं बोलणं लागलं असेल तर बसा, मी…

बरं. काकू घराकडं गेल्या. साहेबांचं घर इथून दोन मिनिटांवर आहे. त्या परत येईपर्यंत मी बोलत राहतो. मॅडम, माईक बंद केला तरी मागच्या दारापर्यंत आवाज जातो माझा, पॅड धरून धरून छाती तयार झाली आहे.

तेवढ्यात एक गोष्ट सांगून टाकतो, जी आठवणींत धरायची की नाही तुम्ही ठरवा. मी कॉलेज का सोडलं असं विचारलं की मी म्हणतो, बॉक्सिंगसाठी. घरीही तेच सांगितलं. ते खोटं होतं. मला बॉक्सिंग येत नाही. पहिल्याच दिवशी माझं नाक फुटलं होतं. मी कॉलेज सोडलं ते नीलिमाला रोज सकाळी दीड तास समोरून पाहता यावं म्हणून. एकदा तिला सांगायचा प्रयत्न केला होता. ती म्हणाली, “तू पॅड धर. बाकी काई धरू नको.” मी पॅड धरला. पोरांनो, हसा, हसण्यासारखंच आहे.

पण ऐका पुढं. समितीनं विचारलं आहे की डबा खात होती तर फॉर्मवर का लिहिला नाही? लपवला का? याला एकच खरं उत्तर आहे, की तिनं विचारलं आणि मी लिहू नको म्हणालो. अमरावतीच्या वकिलांनी मला बाजूला घेऊन समजावलं, “असं लिहून दिलं तर बंदी तुझ्यावरही येऊ शकते. मग तिची बंदी उठली तरी तिला तुला कोपऱ्यात उभं करता येणार नाही. पॅडसुद्धा धरता येणार नाही. विचार कर.” मी तीन दिवस विचार केला. लाज वाटते सांगायला, की तीन दिवस लागले. काल मी ते लिहून दिलं आहे.

काकू आल्या.

काकू, इथं टेबलावर ठेवा, शालींच्या शेजारी. मी हात लावणार नाही. माझा हात लागला की उद्या म्हणतील यानंच काही मिसळलं. गोलूभाऊ, तुम्हीही जागेवरच बसा. धम्मरत्न बाबू, तुम्ही या. प्लास्टिक फाटलेलं नाही ना? सगळ्यांना दाखवा. आता मी आधी फोटोतला नंबर सांगतो, म्हणजे मागून कोणी बोलायला नको. शेवटचे आकडे चार, शून्य, सात, एक. बाबू, आता डब्यावरचे वाचा. माईक जवळ घ्या.

ऐकलं सगळ्यांनी? चार, शून्य, सात, एक.

टाळ्या नकोत. अजून काहीच झालेलं नाही. बाबू, बोर्डाच्या पेपरांचे गठ्ठे तुम्ही जसे मांजरपाटाच्या कापडात शिवता आणि लाखेनं सील करता, तसा हा डबा शिवा. मुख्याध्यापक, सरपंच आणि काकू, तुम्ही कापडावर सह्या करा. गोलूभाऊंची सही झाली तर फार चांगलं, त्यांच्या दुकानाची बाजूही यातच आहे. आजवर बाबूंनी नेलेल्या एकाही गठ्ठ्याचं सील वाटेत तुटलेलं नाही, म्हणून दिल्लीला तेच जावेत अशी माझी विनंती आहे. बाबू मान हलवून राह्यले, म्हणजे जातील.

आणि हे पण स्पष्ट ऐका. आत काय निघेल मला माहीत नाही. काही निघालं नाही तर नीलिमा दोषी ठरेल, मी खोटा ठरेन, आणि गोलूभाऊंनी त्यांच्या दुकानासमोर माझा पुतळा जाळावा, मी काडी आणून देईन. पण तपासल्याशिवाय तिला पावडरवाली म्हणायचा हक्क या गावात कोणालाच नाही.

साहेब खाली पाहून बसले आहेत. काकूंनी त्यांना विचारलं नाही, हे सगळ्यांना दिसलं. घरी गेल्यावर काकूंना काही बोलायचं असेल तर साहेब, आधी मला बोला.

आता आभार मानायचे राहिले. सर, तुम्ही उभे राहिलात. उठून डब्याजवळ आलात आणि कापडावर पहिली सही तुम्ही केलीत. मघाशी मी तुम्हाला जे बोललो ते मी मागं घेत नाही, कारण ते खरं होतं. पण ही सही पण खरी आहे, आणि मी ती माझ्या डोळ्यांनी पाहिली. तुम्ही चोवीस वर्षं जे दिलं त्याबद्दल या शेडमधल्या प्रत्येक पोराकडून आणि पोरीकडून तुम्हाला दंडवत. वर्षाराणी काकूंचे आभार. धम्मरत्न बाबूंचे आभार. फोटोग्राफर दादाचे आभार. मॅडम, तुमची घड्याळाची सगळी गणितं मी बिघडवली, तरी तुम्ही माईक बंद केला नाही, तुमचे वेगळे आभार.

असं भाषण संपवताना बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घ्या, असं म्हणून उतरायची रीत आहे. मी आज कमी काहीच बोललो नाही. जास्त जे झालं त्यासाठी साहेब, उद्या सकाळी घरी येऊन तुमच्या पाया पडेन, शिव्या दिल्यात तर ऐकून घेईन. पण या माईकवरून माफी मी एकाच माणसाची मागतो.

नीलिमा, तू पेन हातात धरून मला विचारलं होतंस, आन डबा? ती ओळ माझ्यामुळं कोरी राहिली. दिल्लीहून काहीही येवो, त्या ओळीचं उत्तर मी माझ्या नावानं, माझ्या सहीनं भरून दिलं आहे. तुझी बंदी उठली की पॅड धरायला दुसरं कोणीतरी बघ. डाव्या हाताचा पॅड जरा वर धरायला सांग त्याला, तुझा हुक खालून वर येतो. मले माफ कर.